नसीमचे दोन निरोप

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा गिरणीत मिरचीचं कांडप चालू होतं. समोर बसलेली बाई पदरानं डोळे पुसत होती. माझे डोळे आता सरावलेत, तिखटानं त्यांना पाणी येत नाही. फोन रफिकचा होता, नसीमच्या धाकट्या भावाचा. मी मशीन बंद केलं. "ताई, आपा गेली," तो म्हणाला. बुखार आला होता म्हणे, डेंग्यू निघाला, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झालेला... दक्षिणेत ज्या शहरात ती नोकरीला होती तिथंच मिट्टी देणार होते, दफन करणार होते. मी "बरं" म्हणाले. बरं कशाला म्हणाले, देव जाणे. समोरची बाई म्हणाली, "काय झालं वं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचं तिखट होऊ द्या," आणि मशीन पुन्हा चालू केलं. अर्धी मिरची आत होती, ती सोडून कुठं जाणार? ती बाई डोळे पुसत राहिली, आणि बातमी माझी होती.

नसीम ही माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मोडलेल्या हाडातली पोकळी भरून यावी म्हणून काही वेगळंच बनवायच्या खटपटीत तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली. अशी बाई जाते आणि माझ्या मनात पहिला विचार येतो तो तिचा नव्हे, रफिकच्या पायाचा. आता हा पाय कसा व्हायचा? रफिकच्या उजव्या नडगीचं हाड दोन-अडीच वर्षं जुळलेलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि तो ते करून घेत नव्हता, कारण बहीण आपल्यासाठी हाड बनवून राह्यली असा त्याचा भरवसा. त्या भरवशाबद्दल नसीमनं त्याला एक सांगितलं आणि मला बरोबर उलटं. त्यातलं खरं कोणतं, हे मला तेव्हा कळलं नाही. लिहायला बसलं की कळतं म्हणतात. मला अजून तसा काही अनुभव नाही.

आमच्या दोघींचे वडील पुसदच्या बाहेर एकाच जिनिंगमध्ये कामाला होते. माझे वडील काट्यावर, गाड्यांचं वजन करायला, आणि नसीमचे अब्बा, म्हणजे इस्माईलचाचा, फिटर. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे त्यांच्या ताब्यात. शेतातून आलेल्या कापसात काय नसतं! खिळे, बैलगाडीचे बोल्ट, विळ्याचं मोडकं टोक, एकदा तर अख्खं कुलूप निघालं. लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला की ठिणगी, आणि ठिणगी पडली की बाहेरची कापसाची गंजीसुद्धा वाचत नाही. म्हणून कापूस रेच्याकडे जायच्या वाटेवर चाचांनी मोठं लोहचुंबक बसवलेलं होतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत ते साफ करायचं काम नसीमनं स्वतःहून मागून घेतलं. साळिंदरासारखं झालेलं असायचं ते. ती लाकडाच्या पट्टीनं खिळे खरवडून काढायची आणि मी बाजूला चिंचा खात बसायची. "सुनंदे, हे लोखंडच काहून धरते? पितळ काहून नाही धरत?" मी म्हणायची, "त्याले पितळ आवडत नसन." तिनं शाळेत गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेत येत नाही. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "पकडता है ना? बस." तिचं मात्र बस झालं नाही. ती अमरावतीला शिकायला गेली, तिथून पुढे, तिथून आणखी पुढे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्यांबद्दल बाहेरून आलेल्या माणसांनी पुष्कळ लिहिलेलं आहे, मी भर घालत नाही. जिनिंगच्या बाजूनं एवढंच सांगते, की हंगामात न थांबणारे रेचे आधी दुपारनंतर बंद राहायला लागले, मग आठवड्यातून दोन-चार दिवस चालायला लागले, आणि एका दिवाळीनंतर फाटक उघडलंच नाही. माझे वडील घरी बसले. मी लग्नानंतर पुसदमध्येच पिठाची गिरणी टाकली होती, पुढे कांडप घेतलं. चाचा त्या मशीनची देखभाल करायला यायचे. रफिक दुसऱ्या जिनिंगमध्ये गाठी चढवायच्या कामाला लागला. आणि नसीम सुट्टीत आली की माझ्या गिरणीत पिठाच्या पोत्यावर बसून तिच्या कामाबद्दल बोलायची, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून.

मला ते तिनं बत्ताशावरून समजावलं. उरुसातून आणलेला बत्तासा तिच्या हातात होता. "हे पाय, आत सगळी भोकं भोकं. अशी एक जाळी बनवायची. हाडात जिथं जागा खाली राह्यली तिथं बसवायची. शरीरातल्या पेशी भोकात शिरतात, बसतात, हाड बनवायले लागतात. हाड बनत जाते तशी जाळी विरघळत जाते. शेवटी जाळी नाही, निरं हाड. स्टीलची पट्टी टाकली तर जलमभर राह्यते, नाहीतर काढायले पुन्हा चिरा." मी विचारलं, मग यात तुझं लोहचुंबक कुठं आलं? तर म्हणाली, त्या जाळीत लोखंडाचे इतके बारीक कण मिसळायचे की धुळीचा कण त्यांच्यापुढं डोंगर. मग बाहेरून चुंबक धरलं की ते कण जाळीला आतल्या आत हलकासा ताण देतात, आणि ताण मिळाला की पेशी कामाला लागतात. बसून राहिलेल्या माणसाचं हाड झिजतं आणि चालणाऱ्याचं मजबूत होतं, तसंच हे. काम झालं की ते लोखंड शरीर हळूहळू रक्तासाठी वापरून टाकतं. मला हे पटलं. चाचांना नाही पटलं. ते कण म्हणजे गंजाचेच चुलतभाऊ, असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि चाचा पाना खाली ठेवून म्हणाले, "मैं जिंदगीभर जंग छुडाता रहा, और ये छोकरी हड्डी में जंग भर रही!" ती इतकी हसली की पोत्यावरून घसरली.

पुढे एका छोट्या स्थानिक पेपरात तिच्यावर चार ओळी आल्या, फोटोसकट. त्यात ‘चुंबकी हाड’ असा शब्द होता आणि त्या शब्दानं घात केला. चाचांच्या दारात गुडघेदुखीवाले येऊन बसायला लागले. महागावकडच्या तांड्यावरची एक म्हातारी तर सुनेला सोबत घेऊन आली आणि म्हणाली, दोन हाडं द्या, दोन्ही गुडघ्यांले. चाचीनं तिला चहा पाजून परत पाठवलं. एकदा नसीम आली असताना आम्ही दोघी घाटंजीला एका लग्नाला गेलो होतो, बाजाराचा दिवस होता. बाजारात एकजण गुडघ्याला बांधायचे पट्टे विकत बसला होता, आत चुंबकाच्या चकत्या शिवलेले, आणि मागच्या पाटीवर नसीमचा तोच पेपरातला फोटो चिकटवलेला. "पुसदच्या म्याडमनं शोध लावला! दुखणं ओढून घेते!" तो ओरडत होता, आणि समोर एक बुढा पट्टा बांधून बसला होता. मी त्याची पाटी ओढायला पुढं झाले. नसीमनं माझा हात धरला, ओढणी नीट डोक्यावर घेतली, खाली बसली आणि पट्टा हातात घेतला. ओढणीची पिन काढून चकतीला लावून पाहिली. पिन पडली. "कमजोर आहे वो भाऊ," म्हणाली आणि उठली. तो म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी भारीतला देतो ना!" परतीच्या वाटेवर मी तिला बोल बोल बोलले. तुझ्या नावावर तो लोकांना फसवतोय आणि तू तपासत काय बसलीस? ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सांगतलं असतं तर त्या समोरच्या बुढ्याचा पट्टा मी काढून घेतला असता नं... त्याले बरं वाटून राह्यलं होतं." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण रफिकच्या बाबतीत तिनं जे केलं ते याच मापाचं असावं, असं कधी वाटतं. कधी तसंही वाटत नाही.

रफिकच्या पायावर कापसाची दाबलेली गाठ पडली. नडगी फुटली, स्टीलची पट्टी बसवली, ती जखम चिघळली, सडलेलं हाड काढून टाकावं लागलं, आणि मधे बोटाएवढी जागा रिकामी राहिली. कुबड्या घेऊन तो घराच्या ओट्यावर बसायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायाभोवती लोखंडी कड्या बसवू, हाडाला वर एका जागी चीर देऊ आणि सुटलेला तुकडा रोज मिलीमीटरभर खाली सरकवू, मागं नवं हाड भरत येईल. बरेच महिने लागतील, दुखेल, पण पाय उभा राहील. फार उशीर केला तर मात्र खात्री देत नाही, कापावाही लागेल. रफिक सगळं ऐकून घरी आला आणि म्हणाला, "माझी आपा हाड बनवून राह्यली. मी कायले लोखंड लावू?"

त्या ईदला नसीम आली. मी शीरखुर्म्याला गेले होते, चाचीशी बोलत चुलीपाशी बसले होते, आणि बाहेर ओट्यावर बहीण-भाऊ. मला स्वच्छ ऐकू आलं. त्यानं विचारलं, "आपा, खरं सांग, माझ्यासाठी होईन का नाही?" मग ती म्हणाली, "रुक जा रफिक. थोडा रुक." बस. संध्याकाळी ती मला घरी सोडायला म्हणून निघाली आणि वाटेत, उसाच्या रसवंतीपाशी, माझा हात धरून म्हणाली, "सुनंदे, त्याले समजाव. कड्या लावून घे म्हण. वाट नको पाहू म्हण." मी जागीच उभी राहिले. "सकाळी तूच त्याले रुक म्हणलं नं? माझे कान गेले का काय?" ती म्हणाली, "म्हणलं." "मग तू काहून नाही सांगत?" तिनं रसवंतीवाल्याला दोन ग्लास रस सांगितला. मी चिडले, मला असलं जमत नाही, एक काय ते सांग म्हटलं. तेव्हा तिनं बकऱ्यांचं सांगितलं. प्रयोगासाठी बकऱ्यांच्या पायात जाळी घातली होती. काहींच्या पायात इतकं सुरेख हाड आलं की जोड सापडू नये. आणि काहींच्या पायात जाळी वेळेआधीच विरघळून गेली, हाड आलंच नाही. एकाच हातानं बनवलेल्या जाळ्या, एकच माप, एकच चुंबक. "मले कळून नाही राह्यलं, सुनंदे. बत्तासा गेला, अन् आत काहीच नाही." असं म्हणून रसाचा ग्लास तिनं तसाच परत ठेवला. माणसांपर्यंत यायला किती वर्षं, असं मी विचारलं, तर तिनं दोन्ही हात वर केले. मी तिचा निरोप रफिकला दिला. तो हसला. "ताई, आपानं मले तोंडावर सांगतलं. तुमच्यापाशी कायले वेगळं सांगन?"

मला वाटलं होतं, पुढच्या वेळी ती आली की दोघांना समोरासमोर बसवीन आणि एकदाचा निकाल लावीन. मी तशी निकाल लावणारी बाई आहे, गल्लीत प्रसिद्ध आहे. पुढची वेळ आली नाही.

आणि ती गेल्यावर गोष्ट सोपी व्हायच्या ऐवजी आणखी अवघड झाली. तोवर रफिकसाठी ते बहिणीचं आश्वासन होतं, आता मेलेल्या बहिणीचा शब्द झाला. मी दर दोन-चार दिवसांनी जात होते. चाची आतल्या खोलीत तसबीहची माळ घेऊन बसलेली, चाचा ओट्यावर, रफिक त्यांच्या बाजूला, पाय स्टुलावर. दफनाला घरचं कोणी पोचलंच नव्हतं, मातीसुद्धा पाहायला मिळाली नव्हती कोणाला. चाचा मधेच विचारायचे, "वहाँ की मिट्टी लाल है ना?" मी म्हणायचे, हो, लाल असते म्हणतात. मला काय माहीत? पायाचा विषय काढला की रफिक म्हणायचा, "आपानं रुक म्हणलं. तिच्या लोकांनी ते काम बंद केलं का? नाही नं? मग येईन." मी रसवंतीचं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. तो म्हणाला, "तुमी खोटं बोलून नाही राह्यल्या ताई. पण मले जे सांगतलं तेबी खोटं नोहय." तो बरोबरच होता.

शेवटी मी नसीमच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला फोन लावला. मोडकंतोडकं हिंदी तिचंही आणि माझंही. मी थेट विचारलं, तुझ्या मॅडमचा भाऊ थांबला तर त्याचा पाय होईल का? ती म्हणाली, अजून बकऱ्यांचंच पूर्ण नाही, माणसांचं आज कोणीच सांगू शकत नाही, थांबवू नका. मी म्हटलं, मॅडम काय म्हणायच्या? तर ती म्हणाली, "मॅडम बोलती थी, पहला पेशंट मेरा भाई. हँसके बोलती थी." हसून म्हणजे कसं? गमतीनं, की आनंदानं? ते तिला सांगता येईना. मी फोन ठेवला आणि गिरणीचा पट्टा उगाच काढून पुन्हा चढवला. इतकी वर्षं मी या बाईला ओळखत होते, आणि एका साध्या प्रश्नाला ती काय म्हणाली असती ते मला सांगता येत नव्हतं.

तिच्या चाळिसाव्याला, चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, मी गेले तेव्हा जेवणं उरकून बायका निघाल्या होत्या. मी मोबाइलवर त्या लोखंडी कड्यांचा फोटो शोधून रफिकला दाखवत होते. तो बघत नव्हता. चाचांनी चष्मा लावून मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि लांब धरला. बराच वेळ पाहिलं. "ये तो बोल्ट है," म्हणाले. "हो चाचा." "और ये नट घुमाया, के हड्डी सरकी?" मी म्हटलं, हो, रोज चार वेळा, पाव पाव फेरा. घरीच फिरवायचा, घरच्या माणसानं. "पाना कौन से नंबर का?" मला काय ठाऊक! म्हणाले, दिसायला दहाचा वाटतो. मग मोबाइल मांडीवर ठेवून ते रफिककडे वळले. "तेरी आपा की चीज मेरे को कभी समझी नहीं. वो समझाती थी, मैं मुंडी हिलाता था. ये मेरे को समझती है." रफिक म्हणाला, "अब्बा, आपा ने..." चाचा एकदम ओरडले. त्या माणसाचा चढलेला आवाज मी जिनिंगमध्येही ऐकला नव्हता. "आपा को मैं मिट्टी भी नहीं दे सका! एक काम मेरे हाथ का है, वो तो करने दे!"

आत चाचीची तसबीह थांबली. रफिक कुबडीचं रबर नखानं कुरतडत राहिला. मग मला म्हणाला, "ताई, नागपूरले गाडी तुमच्या ओळखीची आहे नं?" मी म्हटलं, आहे, सोमवारची सांगते. डोळे पुसत बसायची ती वेळ नव्हती, त्याचा विचार बदलायच्या आत गाडी ठरवायची होती. घरी पोचायच्या आधीच ड्रायव्हरला फोन केला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर काही खरं नव्हतं. आता रफिकच्या नडगीभोवती चार कड्या आहेत, तारा हाडातून आरपार गेलेल्या, आणि पाना खरोखर दहाचाच लागतो. पहिल्यांदा फिरवताना चाचा पाना नटाला लावून पुन्हा पुन्हा काढून घेत राहिले, शेवटी रफिकच म्हणाला, "अब्बा, रेचा समझो, रेचा!" परवा एक्स-रेत पोकळीच्या जागी धुक्यासारखं पांढरं दिसलं. डॉक्टर म्हणतात ते नवं हाड आहे. तिथं कोणी काही भरलेलं नाही, जाळी नाही, कण नाहीत. ते आपलं आपण येतंय. नसीमनं हे पाहिलं असतं तर तिला आनंद झाला असता की ती वाद घालत बसली असती, हे मला सांगता येत नाही. तिच्या ‘रुक’चं काय करायचं हेही कळत नाही. तो खोटा दिलासा होता, की खरंच तिचा विश्वास होता, की सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा? लोक मला म्हणतात, तुम्ही तिला सगळ्यात जवळून ओळखत होता. होते बुवा. म्हणूनच विचारतेय.

मागच्या शुक्रवारी पीठ द्यायला गेले होते. त्या घरात रेंज फक्त खिडकीच्या कोनाड्यात येते. जुम्याची, शुक्रवारची नमाज झाली की नसीमचा फोन त्याच वेळी यायचा, म्हणून चाचांचा मोबाइल तेव्हा कोनाड्यात उभा करून ठेवतात. अजूनही ठेवतात. त्या वेळात घरातलं कोणी कोणाला फोन लावत नाही. मी आत शिरले तर चाचा पाना लावून बसले होते. "रुक बेटी, पाव चक्कर हो जाने दे." त्यांनी पाना फिरवला, रफिकनं ओठ दाबून धरले. मग चाचा कोनाड्याकडे तोंड करून, पलीकडच्या माणसाला नीट ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "हो गया, बेटा." रफिकनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी पिठाचा डबा हातात घेऊन तशीच दारात उभी राहिले, फोनची वेळ संपेपर्यंत.